पोलिओचे दोन थेंब : मदत बाहेरची, विश्वास आपल्या मोहल्ल्याचा

ओझर आणि मालेगाव एकाच नाशिक जिल्ह्यात, एकाच मुंबई-आग्रा महामार्गावर. २०१० मध्ये देशात पोलिओचे ४२ रुग्ण सापडले, त्यात मालेगावची मुलंही होती. "बाहेरच्या देशांचा पैसा आमच्याच दारात का येतो?" हा प्रश्न तेव्हा घराघरात विचारला जायचा. आजही विचारला जातो, म्हणून ही माहिती आम्ही देत आहोत.

मदत कोणाची?
१९८८ मध्ये जगातून पोलिओ हटवण्यासाठी भागीदारी सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, रोटरी आणि अमेरिकेची सीडीसी ही संस्था त्यात होती. पुढे गेट्स फाउंडेशन आणि गावी या संस्थाही आल्या. आपल्याकडे पल्स पोलिओ १९९५ पासून सुरू झाला. पुढे खर्चाचा मोठा भाग भारत सरकारनेच उचलला.

पैसा कशावर?
लस, ती थंड ठेवण्याची सोय आणि पाळत. मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की शौचाचा नमुना प्रयोगशाळेत जातो. एका मुलातला विषाणू शेजारच्या दहा घरांत पोहोचू शकतो, म्हणून आशाताई पुन्हा पुन्हा दार वाजवतात.

विश्वास कुठून आला?
थेंबांमुळे पुढे मूल होत नाही, अशी अफवा पसरली होती. ती खोटी आहे. ती मोडायला पैसा पुरला नाही. उलेमा आणि इमाम साहेब पुढे आले, मशिदीतून आवाहन झालं. २०१४ मध्ये अल-अझहर आणि इस्लामी सहकार्य संघटनेसह जागतिक इस्लामी सल्लागार गटही उभा राहिला. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

आता काय?
पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात पोलिओ अजून आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीत मोठी कपात केली. बाहेरचा हात आखडला तरी आपलं दार उघडं राहिलं पाहिजे. बाळाला जन्मताच, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना थेंब द्या. ६ व १४ आठवड्यांना आणि ९ महिन्यांना पोलिओचं इंजेक्शनही असतं. १६ ते २४ महिन्यांत बूस्टर. सरकारी केंद्रात हे सगळं मोफत मिळतं. डोस चुकला असेल तर लाजू नका, लसीकरणाचं कार्ड घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जा.