एका यूमागे चार

इंग्लंडच्या लाँगबोची कथा बहुधा रणांगणावरून सांगितली जाते. 1346 मध्ये क्रेसीला जिनोआच्या क्रॉसबोवाल्यांचा धुव्वा उडाला, 1415 मध्ये अजिंकोर्टच्या चिखलात फ्रेंच सरदार रुतले, आणि दोन्ही ठिकाणी श्रेय गेले ते माणसाच्या उंचीएवढ्या किंवा त्याहून लांब अशा एका लाकडी धनुष्याला. हे धनुष्य कोणी, काय पाहून आणि कितीला घेतले, हा प्रश्न मात्र तळटिपेत जातो. माझ्या मते लाँगबोचा खरा इतिहास त्या तळटिपेतच आहे. सव्वादोनशे वर्षे इंग्लंडचे राजे आणि पार्लमेंट धनुष्याच्या भावात लक्ष घालत होते, आणि त्या काळचे कायदे एकापुढे एक ठेवून वाचले की त्यांतून एक विचार स्पष्ट होत जातो: महागड्या धनुष्याचा पैसा वसूल होतो तो स्वस्त धनुष्यांवर वर्षानुवर्षे घडलेल्या हातांतच. उत्तम घ्यावे की स्वस्त, एवढाच प्रश्न त्या राज्यापुढे नव्हता. दोन्ही लागणारच होती. एकामागे दुसरी किती, हे ठरवायचे होते.

आधी उत्तम म्हणजे काय ते पाहू. लाँगबोसाठी सर्वांत मोलाचे लाकूड यू नावाच्या झाडाचे. या लाकडात निसर्गानेच दोन गुण शेजारी शेजारी ठेवले आहेत. सालीलगतचा फिकट थर ताण सोसतो, आतला तांबूस गाभा दाब सोसतो. कारागीर कांब अशी फोडतो की फिकट थर धनुष्याच्या पाठीवर, म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूला येतो आणि गाभा पोटाशी, म्हणजे तिरंदाजाकडे राहतो. दोरी ओढली की पाठ ताणली जाते, पोट दाबले जाते, आणि प्रत्येक थर आपापले काम करतो. ॲश किंवा एल्मच्या लाकडात तेवढाच जोर आणायचा तर धनुष्य जाड किंवा रुंद करावे लागते. मग दोरी सोडल्यावर बराचसा जोर धनुष्याच्या जड बाहूंनाच पुढे ढकलण्यात खर्च होतो आणि बाणाच्या वाट्याला कमी येतो. शिवाय असे धनुष्य वापरून वापरून वाकलेलेच राहू लागते. यात एक बारकावा आहे, आणि पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. ओढ हलकी असेल तर यू आणि ॲश यांतला फरक फारसा जाणवत नाही. ओढ जबर झाली की तो उघड दिसतो. म्हणजे यूसाठी मोजलेला जादा पैसा कामी येण्यासाठी जबर ओढीचे धनुष्य पेलणारा माणूस आधी हवा.

आता भाव. एक पौंड म्हणजे 20 शिलिंग आणि एक शिलिंग म्हणजे 12 पेन्स, हा जुना हिशेब लक्षात ठेवावा. 1341 च्या सुमारास तिसऱ्या एडवर्डच्या खरेदीत साधे, न रंगवलेले धनुष्य 12 पेन्सला आणि रंगवलेले 18 पेन्सला मिळे. पायी तिरंदाजाचा रोज तेव्हा 3 पेन्स होता, म्हणजे चार दिवसांच्या कमाईत धनुष्य येई. पुढे देशातले चांगले यू पुरेना आणि कांबी परदेशातून येऊ लागल्या. आल्प्सच्या डोंगरात सावकाश वाढलेले, दाट वलयांचे यू इंग्लंडच्या यूपेक्षा सरस मानले जाई. 1472 च्या कायद्याने व्यापाऱ्यांवर सक्ती केली की जिथून अशा कांबी येतात तिथून माल आणताना दर टनामागे चार कांबी आणायच्याच. 1484 मध्ये तिसऱ्या रिचर्डच्या पार्लमेंटने गोड माम्झी दारूच्या प्रत्येक पिंपामागे दहा कांबी मागितल्या. त्याच कायद्यात तक्रार आहे की पूर्वी शेकडा 40 शिलिंगांना मिळणारी कांब आता 8 पौंडांवर गेली आहे. एका कांबीचा हिशेब केला तर सुमारे पाच पेन्सचा माल एकोणीस पेन्सवर गेला. आणि अवघ्या दोन वर्षांपूर्वी, 1482 मध्ये, तयार यू-धनुष्याचा कमाल भाव कायद्याने 3 शिलिंग 4 पेन्स, म्हणजे 40 पेन्स ठरवला होता. निम्म्याच्या आसपास किंमत एकट्या कच्च्या लाकडातच जात होती. उरलेल्या निम्म्यात लाकूड वाळवणे, तासणे, वाक सारखा करणे, टोकांना शिंगाच्या खोबण्या बसवणे आणि कारागिराचे पोट, हे सगळे भागवायचे होते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. भाव बांधून दिल्याने कारागीर कामात हात आखडता घेणार, मग कायद्याने दर्जाच मारला असे का म्हणू नये? माझ्या मते यात तथ्य आहे. रॉजर ॲशमने 1545 मध्ये ‘टॉक्सोफिलस’ हे तिरंदाजीवरचे पुस्तक आठव्या हेन्रीला अर्पण केले. त्यात धनुष्य घडवणाऱ्यांना त्याची विनवणी आहे की लाकूड नीट मुरू द्या, धनुष्य पुन्हा पुन्हा वाकवून त्याचा तोल तपासा. कारागीर हे सगळे मनापासून करत असते तर विनवणीची गरज नव्हती. राज्यालाही हे उमगले असावे, कारण 1566 च्या कायद्याने परदेशी यूच्या उत्तम धनुष्याची मर्यादा दुप्पट करून 6 शिलिंग 8 पेन्सवर नेली. दुसऱ्या प्रतीचे 3 शिलिंग 4 पेन्स आणि इंग्लंडच्या यूचे 2 शिलिंग. झाडाची जात एकच, पण डोंगरातल्या लाकडाला घरच्या लाकडाच्या तिपटीहून जास्त भाव कायद्यानेच मान्य केला. दर्जाचा फरक पैशात इतका नेमका मांडलेला क्वचितच सापडतो.

पण भावबंदी ही या धोरणाची दुबळी बाजू होती. बळकट बाजू 1541 च्या कायद्यात दिसते. त्याने फर्मावले की कारागिराने यूचे एक धनुष्य केले तर एल्म, विच-हेझल, ॲश अशा साध्या लाकडांची चार करायची. सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी 6 ते 12 पेन्सची धनुष्ये तयार ठेवायची. घरात सात ते सतरा वर्षांचा मुलगा असेल तर त्याला एक धनुष्य आणि दोन बाण द्यायचे. सतराच्या आतल्या मुलाने यूचे धनुष्य वापरायचे नाही. अपवाद फक्त चांगल्या मालमत्तेच्या आईबापांच्या मुलांचा. आणि चोवीस वर्षांवरच्या माणसाने 220 यार्ड, म्हणजे सुमारे 200 मीटरच्या आतल्या लक्ष्यावर सरावच करायचा नाही. ही सगळी कलमे मिळून एक शिडी होते: सहा पेन्सचे पोराचे धनुष्य, मग एल्म-ॲशचे तरुणाचे, आणि शेवटी जबर ओढीचे यू. धनुष्याची किंमत आणि माणसाची ताकद बरोबरीने चढत जावी, अशी ती रचना आहे.

यावर दुसरा आक्षेप असा की ही दूरदृष्टी वगैरे काही नव्हती. यू संपत आले होते आणि राज्याने गरजेला धोरणाचा मुलामा दिला. टंचाई होती हे कबूल. नसती तर दारूच्या पिंपांमागे कांबी मागायची वेळ आली नसती. पण केवळ टंचाई असती तर यू सैन्यासाठी राखून कायदा गप्प बसला असता. वयाची अट, मुलांच्या धनुष्याचा भाव, घरटी सक्ती, हे टंचाईतून निघत नाही. शिवाय ही चाल कायद्याआधीची आहे. बिशप ह्यू लॅटिमर यांनी 1549 मध्ये सहाव्या एडवर्डपुढच्या प्रवचनात आपल्या लहानपणीची बापाची पद्धत सांगितली: मुलाचे वय आणि बळ वाढेल तसतशी मोठी धनुष्ये त्याने घेऊन दिली, आणि नुसत्या दंडाच्या बळावर न ओढता सगळ्या अंगाचा भार धनुष्यावर टाकायला शिकवले. हा बाप वर्षाला तीन-चार पौंड खंडाची शेती कसणारा. मालकीची जमीन त्याच्याकडे नव्हती. असा माणूस मुलासाठी एका धनुष्यावर न थांबता मालिकाच विकत घेत होता. ती मालिका साध्या लाकडाची आणि स्वस्त असल्याशिवाय त्याला परवडणार नव्हती. पार्लमेंटने शेतकऱ्यांच्या घरातला हा व्यवहार उचलून देशभर लागू केला, असे मला वाटते.

धनुष्य पारखायचे कसे, याबद्दल ॲशमचा सल्ला आजही दुकानात उपयोगी पडावा असा आहे. फांदीचे लाकूड गाठाळ, कोवळ्या रोपाचे चपळ पण मोडणारे, बुंध्याचे सर्वांत चांगले. धनुष्य सडपातळ पण हाताला जड लागावे, सरळ असावे, पीळ नसावा, गाठ किंवा भेग नसावी. आणि घेऊन आल्यावर काम संपत नाही. ते मैदानात नेऊन भरपूर वापरावे, मग परत चांगल्या कारागिराकडे न्यावे. तो ते जरा आखूड करील, खरवडील, वाक दोन्ही बाजूंनी सारखा आणील. दुसऱ्यांदा पैसे पडले तरी ते वाया जात नाहीत, अशी त्याची धारणा होती. किंमत एकदा मोजून संपते हा समज ॲशमने पावणेपाचशे वर्षांपूर्वी खोडून काढला आहे.

शिडीच्या वरच्या टोकाला काय होते, याचा पुरावा समुद्रातून मिळाला. ‘मेरी रोझ’ ही आठव्या हेन्रीची युद्धनौका 19 जुलै 1545 रोजी सोलेंटच्या सामुद्रधुनीत बुडाली आणि 1982 मध्ये तिचा सांगाडा वर काढला गेला. राजाच्या आरमाराच्या यादीत तिच्या नावावर यूची 250 धनुष्ये आणि बाणांच्या 400 जुड्या आहेत. एका जुडीत 24 बाण. त्यांपैकी 172 धनुष्ये हाती लागली, सगळी यूची. त्यांची ओढ अभ्यासकांनी 100 ते 185 पौंड, म्हणजे साधारण 45 ते 84 किलो धरली आहे. सातारची आदिती स्वामी किंवा नागपूरचा ओजस देवतळे ज्या कंपाउंड धनुष्याने 2023 मध्ये जगज्जेते झाले, त्यात चाकांमुळे पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार बराच उतरतो. लाँगबोत उलटे असते: दोरी जितकी मागे यावी तितका भार वाढतो, आणि नेम धरताना तो सर्वांत जास्त असतो. जहाजावरच्या सांगाड्यांत खांद्याच्या हाडाचे टोक प्रौढपणीही न जुळलेले बरेच आढळले. ॲन स्टर्लंड या अभ्यासिकेने याचा संबंध लहानपणापासूनच्या जबर तिरंदाजीशी जोडला. युद्धाच्या जहाजावर एकही एल्म नाही आणि गावच्या दुकानात एका यूमागे चार साधी: धोरणाची ही दोन टोके एकाच दशकातली आहेत.

कोणी विचारील, मग तुर्क आणि मोगल वापरत तशी शिंग, स्नायू आणि सरस यांची कमान इंग्रजांनी का घेतली नाही? ती आखूड, घोड्यावरून चालवता येणारी आणि बाणाला वेग देण्यात लाकडी धनुष्याहून सरस होती. पण ती जोडून वाळवायला महिने लागतात, आणि दमट हवेत सरस सैल पडतो. आपल्या पावसाळ्याचा अनुभव असलेल्याला हे वेगळे सांगायला नको. इंग्लंडात तर ओल बारमाही. तिथे प्रत्येक शेतकऱ्याच्या पोराला सहा पेन्सची कमान देणे अशक्य होते, आणि शिडीची खालची पायरीच नसेल तर वरची कितीही भक्कम असून उपयोग नाही.

शेवटचा आक्षेप बंदुकीचा. धोरण इतके शहाणे होते तर लाँगबो हरली का? सर जॉन स्मिथने 1590 मध्ये धनुष्याची बाजू हिरिरीने मांडली. बाण वेगाने सुटतात आणि बंदुकीचा नेम बेभरवशाचा, हे त्याचे मुद्दे चुकीचे नव्हते. बंदूक धनुष्यापेक्षा महागही होती. तरी 1595 मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या मंत्रिमंडळाने प्रशिक्षित लोकसेनेतली धनुष्ये काढून बंदुका देण्याचा हुकूम काढला. किंमत फक्त हत्याराची धरली तर हा निर्णय उलटा वाटेल. पण बंदूकधारी काही आठवड्यांत तयार होतो, आणि 100 पौंडांची ओढ पेलणारा तिरंदाज घडायला त्याचे बालपण आणि तारुण्य लागते. सराव ओसरला, मुलांच्या हातातली सहा पेन्सची धनुष्ये कमी झाली, तेव्हा कोठारात यू असूनही ते ओढणारे हात उरले नाहीत. शिडी खालून मोडली होती.

आज ब्रिटनमध्ये पुन्हा हाताने लाँगबो घडवणारे कारागीर आहेत, आणि एकसंध यूचे धनुष्य अजूनही हिकरीची पाठ चिकटवलेल्या धनुष्याच्या कितीतरी पट महाग आहे. नव्याने शिकणाऱ्याने ते आधी घेऊ नये. पेलेल अशा हलक्या ओढीचे ॲश किंवा हिकरीचे धनुष्य घ्यावे, ते भरपूर वापरावे, कारागिराकडून दुरुस्त करून घ्यावे, अंग तयार झाले की ओढ वाढवावी. यूचे पैसे त्यानंतर मोजावेत.