पात्रवर्ग : कल्पनेच्या खेळातील जन्म आणि कर्म

टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसावे, समोर कागद, पेन्सिल आणि काही फासे असावेत आणि बोलता बोलता एक अख्खी कथा उभी राहावी, असे भूमिकाखेळाचे साधे स्वरूप असते. एक जण सूत्रधार होतो. तो जग, संकटे आणि भेटणारी माणसे उभी करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात आणि पात्राच्या प्रयत्नाला यश आले की नाही, हे फासे ठरवतात. अशा खेळाला आरंभ होण्यापूर्वी प्रत्येक खेळाडूला 'तू कोण?' या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. अद्भुतरम्य भूमिकाखेळांत हे उत्तर बहुतांशी 'पात्रवर्ग' या संकल्पनेतून दिले जाते. योद्धा, जादूगार, पुरोहित, चोर ही त्याची ठळक उदाहरणे होत. वरवर पाहता हा केवळ खेळाच्या सोयीचा भाग वाटतो. परंतु कोणी काय करावे आणि ते कोणी ठरवावे, हा जुना सामाजिक प्रश्न या वर्गांच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात सतत डोकावत आला आहे.

पात्रवर्ग म्हणजे काय?

पात्रवर्ग म्हणजे पात्राचा पेशा, त्याचे प्रशिक्षण आणि कथेतील त्याचे काम यांचे नियमबद्ध रूप. कोणती शस्त्रे वापरता येतील, कोणते चिलखत चालेल, किती घाव सोसता येतील, मंत्रविद्या येते की नाही आणि अनुभवाबरोबर कोणती नवी सामर्थ्ये प्राप्त होतील, हे सारे वर्गावरून ठरते. उदाहरणार्थ, १९७८ च्या नियमांनुसार पात्राचे जीवनगुण ठरवताना योद्ध्यासाठी दहा बाजूंचा, पुरोहितासाठी आठ, चोरासाठी सहा आणि जादूगारासाठी केवळ चार बाजूंचा फासा टाकला जाई. दुसरी पातळी गाठण्यासाठी चोराला १,२५१ अनुभवगुण पुरत, जादूगाराला मात्र २,५०१ लागत. म्हणजे जादूगार आरंभी दुर्बल, त्याची वाटचाल मंद. पण टिकून राहिला तर पुढे सर्वांना भारी. एका आकड्यातून एक स्वभाव उभा करण्याची ही युक्ती पात्रवर्गाच्या मुळाशी आहे.

मूळचे त्रिकूट

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकी रचनाकारांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन छोट्या पुस्तिका एका खोक्यात घालून तो विकला जाई आणि पहिल्या आवृत्तीच्या केवळ एक हजार प्रती होत्या. त्याची मुळे लघुपुतळ्यांच्या साहाय्याने खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत होती. तेथे खेळाडू फौजा हलवीत असे. येथे तो एकच माणूस झाला. या खेळात तीनच वर्ग होते : योद्धा, जादूगार आणि पुरोहित, म्हणजे 'क्लेरिक'.

यांपैकी क्लेरिकची जन्मकथा उद्बोधक आहे. आर्नेसन यांच्या 'ब्लॅकमूर' या मोहिमेत 'सर फँग' नावाचे एक रक्तपिपासू पात्र इतरांना भारी पडू लागले. त्याला आवर घालण्यासाठी भयपटांतील पिशाच्च-शिकाऱ्याच्या धर्तीवर एक धर्मपुरुष खेळात आला. भुताखेतांना पळवून लावण्याचे त्याचे सामर्थ्य हे याच गरजेचे अपत्य होय. पुढे त्यात मध्ययुगीन युरोपातील लढवय्या धर्मगुरूची छटा मिसळली आणि धारदार शस्त्र न वापरता गदेने लढण्याचा दंडक आला. अशा रीतीने टेबलावरील एका अडचणीच्या उत्तरातून एक कायमचा वर्ग जन्माला आला.

जादूगाराची घडण मात्र साहित्यातून झाली. जॅक व्हॅन्स या लेखकाच्या १९५० मधील 'द डाइंग अर्थ' या पुस्तकात जादूगार मंत्र मनात साठवून ठेवतो आणि उच्चारताच तो मंत्र स्मृतीतून पुसला जातो. गायगॅक्स यांनी ही कल्पना जशीच्या तशी उचलली. त्यामुळे आज कोणते मंत्र सोबत न्यावेत, हा प्रत्येक सकाळी घ्यावयाचा निर्णय ठरला आणि जादूला हिशेबाची शिस्त लाभली.

चोराचा प्रवेश

१९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत चोर आणि पॅलडिन हे दोन वर्ग दाखल झाले. चोराची मूळ कल्पना कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथील खेळाडूंकडून गायगॅक्स यांच्यापर्यंत पोहोचली होती. कुलूप उघडणे, सापळे निकामी करणे, अंधारात दडणे, भिंत चढणे, पाठीमागून वार करणे ही त्याची कौशल्ये. बळ किंवा विद्या यांवाचून केवळ हुशारीवर जगणारे पात्र खेळात आल्याने अनेकांना आनंद झाला.

परंतु या वर्गाने एक वादही निर्माण केला, आणि तो अद्याप मिटलेला नाही. चोर येण्यापूर्वी कोणतेही पात्र दाराला कान लावू शकत असे, जमिनीवरील फरशी काठीने चाचपून सापळा शोधू शकत असे. ही कामे चोराच्या नावावर चढताच ती इतरांना येतच नाहीत, असा अर्थ हळूहळू रूढ झाला. एखाद्याला अधिकार दिला, की तो न कळत दुसऱ्याकडून काढून घेतला जातो. नवा वर्ग रचणाऱ्याने विसरू नये असा हा धडा आहे.

पुराणे, कादंबऱ्या आणि पडदा

पुढील वर्गांची आयात जगाच्या नाना कोपऱ्यांतून झाली. पॅलडिन हे नाव शार्लमेन राजाच्या सरदारांच्या आख्यानांतले. त्याचे खेळातील रूप मात्र पोल अँडरसन यांच्या 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स' या कादंबरीच्या प्रभावातून घडले. १९७५ च्याच 'ब्लॅकमूर' पुरवणीत हातापायांनी लढणारा भिक्षू, म्हणजे 'मंक', आणि मारेकरी आले. कुंग-फूचे चित्रपट आणि मालिका तेव्हा अमेरिकेत ऐन भरात होत्या. १९७६ मध्ये 'एल्ड्रिच विझर्ड्री' या पुरवणीने निसर्गपूजक ड्रुइडला वर्गाचा दर्जा दिला. रानवाटा जाणणारा रेंजर, दृष्टिभ्रम घडवणारा मायावी आणि गाण्यातून सामर्थ्य जागवणारा बार्ड हे तिघे 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या नियतकालिकातून अवतरले.

बार्डला मराठीत सहज 'शाहीर' म्हणता येईल. मात्र त्याची मुळे केल्टिक परंपरेतील राजकवीत आहेत, डफावरील पोवाड्यात नाहीत, हे ध्यानात ठेवलेले बरे. १९७८ च्या नियमांत तर बार्ड होणे ही तपश्चर्याच होती. आधी योद्धा, मग चोर आणि त्यानंतर ड्रुइडांकडे शिक्षण अशी वाट चालल्यावरच ही पदवी मिळे. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत बार्ड पहिल्या पातळीपासून घेता येणारा स्वतंत्र वर्ग होता.

जन्माची अट

या इतिहासातील सर्वांत विचारप्रवर्तक भाग वर्ग आणि वंश यांच्या नात्याचा आहे. खेळात मानवाखेरीज एल्फ, बुटके, अर्धमानव असे अनेक वंश असतात. १९७८ च्या नियमांत पॅलडिन केवळ मानवच होऊ शके. बुटक्याला जादूगार होण्यास मनाई होती. अनेक वंशांना ठराविक पातळीपुढे जाताच येत नसे. १९८१ च्या प्राथमिक संचात तर 'एल्फ' हाच एक वर्ग होता. म्हणजे जन्म हाच पेशा. स्त्री-पात्रांच्या बळावरही १९७८ मध्ये पुरुषांपेक्षा कमी मर्यादा घातलेली होती. तलवारीने राक्षस मारण्याची कल्पना चालते, पण स्त्री पुरुषाइतकी बलवान असण्याची चालत नाही, ही विसंगती अनेक खेळाडूंना खटकली.

या दंडकांचे समर्थनही केले जाई. मानवकेंद्री जग टिकावे आणि इतर वंशांच्या जन्मजात लाभांना काही उतारा असावा, असा त्यामागचा युक्तिवाद होता. पॅलडिनसाठी व्यक्तिप्रभाव हा गुण किमान १७ असावा लागे. तीन फाशांवर १७ किंवा १८ पडण्याची शक्यता २१६ मध्ये केवळ ४, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. असा योग आलाच तर ते पात्र खरोखरच दुर्मीळ वाटे, यात शंका नाही. पण दुर्मीळता फाशाने आली तर ती नशिबाची गोष्ट; जन्माने आली तर ती बंदी ठरते.

हळूहळू या भिंती पडत गेल्या. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत स्त्रियांवरील मर्यादा गेली. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने कोणत्याही वंशाला कोणताही वर्ग खुला केला आणि सर्व वर्गांसाठी अनुभवाची एकच मोजपट्टी लावली. २०२४ च्या सुधारित नियमपुस्तकात 'वंश' या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द वगळून 'प्रजाती' हा शब्द योजण्यात आला. तसेच गुणांतील वाढ जन्मावर न ठेवता पात्राच्या पूर्वायुष्यावर, म्हणजे त्याने काय केले यावर, अवलंबून ठेवण्यात आली. जन्माकडून कर्माकडे असा हा प्रवास आहे आणि मराठी वाचकाला त्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

वर्ग नकोच म्हणणारे

काही रचनाकारांनी वर्गाची चौकटच नाकारली. १९७८ च्या 'रूनक्वेस्ट' या खेळात वर्ग नव्हते. जे कौशल्य वापरावे ते वाढावे, असा त्याचा न्याय होता. १९८६ च्या 'गर्प्स'मध्ये ठराविक गुण खर्चून हवे तसे पात्र घडवता येई. ही मोकळीक मोठी खरी. परंतु नवख्या खेळाडूपुढे कोरा कागद ठेवला तर तो गोंधळतो. 'मी चोर आहे' हे दोन क्षणांत समजते आणि समजावता येते. वर्गपद्धती टिकून राहिली ती या सुलभतेमुळे, तसेच प्रत्येकाला वेगळे काम मिळून गटाला एकमेकांची गरज भासते म्हणून.

कल्पकतेचे नवे मार्ग

काहींनी मधला मार्ग काढला. १९८६ च्या 'वॉरहॅमर' भूमिकाखेळात वर्गांऐवजी सामान्य व्यवसाय होते. तेथे फासा उंदीर पकडणाऱ्याचे काम पदरी घालू शके आणि सोबत एक छोटा पण चिडका कुत्रा मिळे. वीरकथेचा नायक गटारातून वर येऊ शकतो, ही त्यातील गंमत. १९८७ च्या 'आर्स मॅजिका'ने जादूगारांना मुद्दाम सर्वांहून सामर्थ्यवान ठेवले. मात्र प्रत्येक खेळाडूला जादूगाराबरोबरच एक साथीदार चालवावयास दिला आणि सामान्य सेवक सर्वांमध्ये सामाईक ठेवले. त्यामुळे विषमता कथेत राहिली, खेळाडूंमध्ये आली नाही. १९९३ च्या 'अर्थडॉन'मध्ये वर्ग हा केवळ नियम नसून त्या जगातील लोकांना ठाऊक असलेली साधनामार्गाची व्यवस्था होती.

खुद्द 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्येही नवे वर्ग आले ते सामर्थ्याच्या उगमाचा वेगळा विचार करून. विझर्डची जादू अभ्यासाची, तर २००० मध्ये आलेल्या सॉर्सररची उपजत. वॉरलॉकची जादू एखाद्या गूढ शक्तीशी केलेल्या कराराची. तो २००८ आणि २०१४ च्या मुख्य पुस्तकांत मानाने बसला. २००४ मधील 'एबेरॉन' या कल्पित जगातून आलेला आर्टिफिसर तर जादूचा कारागीर, वस्तूंमध्ये मंत्र भरणारा. यांतील प्रत्येक वर्ग सूत्रधाराच्या हाती नवा प्रश्न देतो : करार मोडला तर काय? रक्तातून आलेले सामर्थ्य कुणाचे देणे आहे?

२०१० मधील 'अपॉकॅलिप्स वर्ल्ड' हा खेळ अद्भुतरम्य नव्हे, विनाशोत्तर जगाचा आहे. पण त्याचा प्रभाव दूरवर पोहोचला. त्यातील 'हार्डहोल्डर' या भूमिकेबरोबर खेळाडूला एक अख्खी वस्ती मिळते, तिच्या भुकेसह आणि भांडणांसह. येथे वर्ग म्हणजे नुसते सामर्थ्य नाही, तर एक जबाबदारी.

नवा वर्ग रचताना

हौशी रचनाकार आजही नित्य नवे वर्ग तयार करीत असतात. वरील इतिहासातून त्यांच्यासाठी काही कसोट्या निघतात. पहिली, नव्या वर्गाचे वर्णन एका वाक्यात करता यावे आणि ते ऐकताच त्याचे चित्र डोळ्यांसमोर यावे. दुसरी, हा वर्ग जे करतो ते आधीच्या वर्गाला थोड्या फेरफाराने करता येत असेल, तर नव्याची गरज नाही. तिसरी, सामर्थ्याइतकीच उणीवही ठळक असावी. ज्याला काहीच अडत नाही, त्याला सोबत्यांची गरज उरत नाही. चौथी, इतरांना आजवर सहज जमणारे काम त्याने हिरावून घेऊ नये. पाचवी, परक्या संस्कृतीतून पात्र घेताना तिची केवळ वेशभूषा घेऊ नये. त्या माणसाचे त्याच्या समाजाशी असलेले नातेही घ्यावे. आणि शेवटची, हा वर्ग निवडण्याची वाट कोणाला बंद केली असेल, तर त्याचे कारण कथेत असावे, रचनाकाराच्या पूर्वग्रहात नसावे.

गायगॅक्स यांचे २००८ मध्ये आणि आर्नेसन यांचे २००९ मध्ये निधन झाले. त्यांच्या तीन वर्गांचे २०१४ पर्यंत बारा झाले आणि अनुभवगुण, पातळ्या, वर्ग ही परिभाषा संगणकीय खेळांनीही आपलीशी केली. तरीही संगणकाच्या पडद्यावर वर्ग ही एक यादी असते आणि तीतून निवड करावयाची असते. टेबलावर मात्र यादीत नसलेले पात्र मागण्याची सोय आहे. खेळाडू 'मला हे व्हायचे आहे' असे म्हणतो, सूत्रधार क्षणभर विचार करतो आणि दोघे मिळून नवा नियम लिहितात. क्लेरिकही असाच आला होता.