परिचर्येतील कामांचे प्रत्यायोजन

परिचर्येतील कामांचे प्रत्यायोजन म्हणजे परिचारिकेने रुग्णसेवेतील एखादे विशिष्ट काम, त्याच्या परिणामाचे उत्तरदायित्व स्वतःकडे ठेवून, कमी कालावधीचे प्रशिक्षण घेतलेल्या सहकाऱ्याकडे सोपविणे होय. नुसती कामाची वाटणी किंवा काम अंगावरून झटकणे यांहून ही कृती वेगळी आहे. अमेरिकेत नोंदणीकृत परिचारिका आणि परवानाधारक प्रॅक्टिकल नर्स असे दोन संवर्ग आहेत. भारतात दुसरा संवर्ग त्या नावाने नाही; त्याला सर्वांत जवळची श्रेणी साहाय्यक परिचारिका प्रसविका, म्हणजेच एएनएम.

श्रेणी व नोंदणी

एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा असतो. महाराष्ट्रात तिन्ही श्रेणींची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. त्यामुळे एएनएमला 'बिगरनोंदणीकृत' म्हणणे चुकीचे ठरते. शासकीय रुग्णालयांत जीएनएम वा पदवीधर परिचारिका अधिपरिचारिका या पदावर असते, तिच्या वर कक्षाची प्रमुख परिसेविका आणि त्यावर अधिसेविका. रुग्णाचे नातेवाईक मात्र सर्वांनाच 'सिस्टर' म्हणतात. कोणी काय करावे हे त्यांना कळण्याचा मार्ग नसतो.

काय सोपवावे

नाडी, तापमान व रक्तदाब यांची नोंद, अंग पुसणे, कुशी बदलणे, भरविणे ही कामे प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाच्या बाबतीत सोपविता येतात. रुग्णाची पहिली तपासणी, परिचर्येचा आराखडा, रक्त चढविताना ठेवायची देखरेख आणि उपचाराच्या परिणामाचे मूल्यमापन ही कामे सोपवू नयेत, असे सर्वसाधारण तत्त्व आहे. नाडी कोणीही प्रशिक्षित व्यक्ती मोजू शकते. शस्त्रक्रियेनंतर ती वाढत का चालली आहे, हे ठरविणे अधिपरिचारिकेचे काम. अमेरिकी परिचर्या संघटनांनी यासाठी पाच कसोट्या रूढ केल्या: योग्य काम, योग्य परिस्थिती, योग्य व्यक्ती, योग्य सूचना आणि योग्य देखरेख. यांपैकी सूचनेकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. 'जरा लक्ष ठेवा' ही सूचना नव्हे. 'दर तासाला ताप पाहा, १०१ अंश फॅरनहाइटच्या वर गेल्यास लगेच मला कळवा' ही सूचना होय.

मराठवाड्यातील स्थिती

नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथील रुग्णालयांत आसपासच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात, नांदेडला तेलंगणातूनही. मनुष्यबळ अपुरे असले की सोपविण्याचा निर्णय विचाराने न होता नाइलाजाने होतो आणि देखरेखीची कसोटी सर्वांत आधी सुटते. नांदेडच्या रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी ४८ तासांत ३१ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यांत १६ बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने याची स्वतःहून दखल घेतली आणि राज्यातील शासकीय रुग्णालयांमधील रिक्त पदांचा प्रश्न सुनावणीत पुढे आला. त्या मृत्यूंचे कारण प्रत्यायोजन होते, असा याचा अर्थ नाही.

उपकेंद्रावर चित्र उलटे असते. सपाट भागात ५,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा निकष आहे. किनवट व माहूर यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत आरोग्यसेविकेच्या पदावरील एएनएमला गर्भवतीची तपासणी, लसीकरण आणि प्रसंगी प्रसूतीही करावी लागते. रुग्णालयात जिच्याकडे काम सोपविले जाते, ती येथे स्वतः सोपविणारी होते: नवजात बाळाचे वजन व तापमान पाहण्याच्या गृहभेटी आशा कार्यकर्ती करते, दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा आणि घरी जन्मलेल्यासाठी सात. बाळ दूध ओढत नसल्याचे आशाने कळविले, तर त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात केव्हा पाठवायचे, हे बहुधा आरोग्यसेविकेलाच ठरवावे लागते.