देठ राखण्याची पुणेरी विद्या

ज्या शल्यविद्येच्या भरवशावर आज पुण्यातील एखादी स्त्री आपल्या स्तनांचा दुर्वह भार कायमचा कमी करून घेण्याचा विचार करू शकते, त्या विद्येचे एक मूलतत्त्व सवाई माधवरावांच्या अमदानीत याच शहरानजीकच्या एका कुंभाराच्या हाती होते, ही गोष्ट पेशवाईच्या कथा आवडीने सांगणाऱ्या पुणेकरांच्याही सहसा कानावर आलेली नसते.

प्रकरण असे. कावसजी नावाचा एक इसम इंग्रजांच्या फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. नाव पारशी वळणाचे असले तरी समकालीन पत्र त्याला मराठा शेतकरी म्हणते. 1792 च्या मोहिमेत तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. पुढे कंपनी सरकारने त्याला पेन्शन बांधून दिले. परंतु पेन्शनीने तोंडावरचे वैगुण्य झाकले जात नाही, आणि वर्षाहून अधिक काळ तसाच काढल्यावर तो या कुंभाराकडे आला.

कुंभाराने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून हव्या त्या नाकाचा आकार घेतला, तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोलून घेतली. मात्र दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी त्याने हेतुपुरस्सर न कापता ठेवली. थोटकाची जुनी कड खरवडून ताजी केली, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणली, तिच्या कडा थोटकाभोवती पाडलेल्या खाचेत बसवल्या आणि टाक्यांऐवजी पाण्यात कालवलेला कात लावलेल्या चिंध्या एकीवर एक चढवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेल्या चिंध्या लावल्या. न कापलेली पट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी, म्हणजे नवी कातडी नव्या जागी रुजून तिथला रक्तपुरवठा तिला मिळू लागल्यावर, तोडण्यात आली. फळ पोसते ते देठातून, तशी ती कातडी तोवर त्या पट्टीतून पोसली जात होती.

क्रूसो आणि फिंडले हे मुंबई इलाख्याचे दोन डॉक्टर या शस्त्रक्रियेचे साक्षीदार होते. रेसिडेंट मॅलेटच्या आश्रयाने पुण्यात राहिलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराने शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, 1794 च्या जानेवारीत, कावसजीचे चित्र काढले. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये सारा तपशील देणारे ते पत्र छापून आले. रुग्णाचे नाव राहिले, डॉक्टरांची आणि चित्रकाराची राहिली. ज्याने नाक केले त्या कुंभाराचे तेवढे कोणास टिपून ठेवावेसे वाटले नाही. सुश्रुताने हेच काम गालाच्या कातडीने आणि झाडाच्या पानाचे माप घेऊन सांगितले होते. त्याच्यापासून या कुंभारापर्यंत ही विद्या पोथीपेक्षा हातांनीच अधिक वाहून आणली असावी, असे मला वाटते. लंडनच्या जोसेफ कार्प्यूने 1814 साली तिचा प्रयोग केला, 1816 साली त्यावर ग्रंथ लिहिला, आणि मग ती युरोपभर पसरली.

स्तन लहान करताना अडचण नेमकी कुंभारापुढचीच असते: हलवलेल्या भागाला रक्त पोचत ठेवण्याची. नको असलेली चरबी, ग्रंथी आणि त्वचा काढून टाकणे फारसे कठीण नाही. कठीण आहे ते स्तनाग्र जिवंत ठेवून वरच्या जागी नेणे. शिकागोच्या मॅक्स थोरेकने 1922 साली ते सबंध कापून वर कलम केले, पण त्यात स्पर्शाचे भान आणि दूध दोन्ही जवळजवळ गमवावे लागे. अतिशय मोठ्या स्तनांत हा उपाय आजही कधी कधी करावा लागतो. 1930 साली श्वार्त्समानने स्तनाग्राभोवतीचा त्वचेचा खोल थर राखून त्यातून रक्त पोचवले, आणि पुढच्या बहुतेक पद्धती या ना त्या दिशेने असा देठ राखूनच रचल्या गेल्या. 1956 साली रॉबर्ट वाइज या अमेरिकन शल्यविशारदाने कातडी कुठे कापावी याचा आराखडा ब्रेसिअरच्या बेतावरून तयार केला. मेणाच्या पत्र्याचे काम आता शिंप्याच्या बेताने केले. फरक एवढाच, की कुंभाराने देठ अखेर तोडला, इथे तो आत तसाच राहतो.

म्हणून शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या स्त्रीने डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारावा तो या देठाचा: तो कोणत्या बाजूने राखणार, आणि त्यामुळे स्तनाग्राची संवेदना व पुढे अंगावर पाजण्याची शक्यता कितपत राहील. मूल व्हायचे असेल तर काहींनी थांबणे बरे, कारण गरोदरपणात आकार पुन्हा बदलतो; वजन स्थिर नसेल तरीही तेच. मान, पाठ आणि खांदे यांचे दुखणे, खांद्यात रुतणारे पट्टे, स्तनाखाली वारंवार उठणारे चट्टे या तक्रारी खऱ्या आहेत आणि शस्त्रक्रियेने त्या पुष्कळांच्या कमी होतात. तेव्हा हा नुसता नटण्याचा सोस आहे असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी म्हटले तर ते मनावर घेऊ नये. व्रण मात्र कायमचे राहतात. त्यांचा लालपणा ओसरायला सुमारे वर्ष लागते, तेव्हा डॉक्टर पूर्वीच्या रुग्णांची छायाचित्रे दाखवतील तर ती किती महिन्यांनंतरची आहेत हे विचारावे. वेल्सनेही दहा महिने जाऊ दिले होते. पुण्यात पाट्यांना कधीच तोटा नव्हता, म्हणून पाटीवरच्या ‘कॉस्मेटिक’ या शब्दापेक्षा प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा तत्सम पदवी पाहावी. काढलेला भाग तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवला जाणार ना, हेही विचारून घ्यावे.

आणि तंबाखूचे खरे सांगावे. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि देठातून जाणारे रक्त कमी पडले तर स्तनाग्र काळे पडून गमावण्याची भीती वाढते, म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी निदान चार आठवडे आणि नंतरही तंबाखू वर्ज्य सांगतात. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला आमच्याकडील बायका चटकन ‘नाही’ म्हणतात, आणि ते खोटेही नसते. परंतु सकाळी दाताला लावलेली मिश्री हीसुद्धा तंबाखूच, आणि तिचे नाव विचारल्यावाचून कोणी काढत नाही.