खारेपाटण : नदीकाठचं जिनमंदिर



कोकण म्हटलं की आपल्याला समुद्र आठवतो, जिनमंदिर आठवत नाही. पण सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कणकवली तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गालगत खारेपाटण हे नदीकाठचं गाव आहे आणि तिथे आपलं मंदिर आहे. चहूकडे हिरव्या टेकड्या, नारळी-पोफळी आणि मधून नदी. आम्हा वेळापूरच्या माणसांना तर ती हिरवाई पाहूनच गारवा वाटतो.

'पाटण' म्हणजे पेठेचं, बंदराचं गाव. विजयदुर्गच्या खाडीतून पूर्वी गलबतं इथपर्यंत येत, माल घाटावर जाई. इथे शिलाहार राजांचे दोन ताम्रपट सापडले. पहिला रट्टराजाचा, इ. स. 1008 चा. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोनं शिवमंदिराला द्यावं, असं त्यात लिहिलं आहे. दुसरा अनंतदेवाचा, 1094 चा. भाभण श्रेष्ठी आणि धणाम श्रेष्ठी या दोघा भावांच्या जहाजांना ठाणे, सोपारा, चौल अशा बंदरांत त्याने जकात माफ केली. 'श्रेष्ठी' म्हणजेच आपले शेठ. ते जैन होते असं ताम्रपट म्हणत नाही, म्हणून मीही म्हणत नाही. पण कॉमर्स शिकलेल्या मला हा हजार वर्षांपूर्वीचा जमाखर्च वाचून फार आनंद झाला.

पुढे नदी गाळाने भरली, बंदर संपलं. 1880 च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये दक्षिण कोकणातलं एकमेव जैन मंदिर म्हणून खारेपाटणची नोंद आहे. तिथली काळ्या दगडाची छोटी प्रतिमा नदीच्या पात्रात मिळाली होती. पाण्यात ती कशी गेली, कुणी भरवली, कुणी प्रतिष्ठा केली, याचा लेख मात्र नाही. जकातीचा हिशेब तांब्यावर राहिला, आपल्या श्रावकांची नावं गेली.

आमच्या वेळापूरला अर्धनारीनटेश्वराच्या मंदिरात यादवकाळचे शिलालेख आहेत, म्हणून तो काळ आज आपल्याला कळतो. आपल्या मंदिरांतही प्रतिमांच्या पादपीठावर संवत, तिथी, दात्याचं नाव कोरलेलं असतं. रोजच्या प्रक्षालाने ती अक्षरं झिजत चालली आहेत. प्रक्षाल थांबवायचा नाही, पण दिवाळीच्या साफसफाईआधी प्रत्येकीने आपल्या मंदिरातला एकेक लेख वहीत उतरवून घ्यावा. वाचता आला नाही तर फोटो काढावा.

आणि कोकणात गेलात तर खारेपाटणला दर्शनाला नक्की थांबा.