आक्काचं कॅल्शियम

आमची आक्का गेली त्याला आता चार वर्षं होतील. न्यूमोनिया झाला, जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि अतिदक्षता विभागात नवव्या दिवशी ती गेली. त्या नऊ दिवसांत भाचा रोज संध्याकाळी तपासण्यांचे कागद दाखवायचा आणि मी चष्मा लावून ते वाचायची. जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेल्या, त्यामुळे कमी पडलेला आकडा माझ्या नजरेतून सुटत नाही. पाचव्या दिवशी कॅल्शियमपुढे ६.९ लिहिलेलं होतं. शेजारी खाली तोंड केलेला बाण. हवं होतं ८.५ ते १०.५.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना गाठलं. माझ्या नातवाच्या वयाचा मुलगा. म्हणाला, "आजी, हा एकूण कॅल्शियमचा आकडा आहे. त्यातलं मोकळं कॅल्शियम आम्ही वेगळं मोजलंय. ते थोडंसंच कमी आहे. आत्ता वरून देण्याची गरज नाही." मला वाटलं, म्हातारीला वाटेला लावतोय.

तेराव्याला मी चारचौघांत बोलून गेले, "साधं कॅल्शियम दिलं असतं तर आक्का आज असती." ते हॉस्पिटल भाच्याने निवडलं होतं. तो काही बोलला नाही. हातातला तांब्या घेऊन आत गेला.

मी इतिहास शिकवणारी बाई. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली. रसायनशास्त्राशी माझा संबंध हातातल्या खडूपुरता. पण एखादी गोष्ट मनातून जात नसेल तर तिचा इतिहास काढायचा, ही जुनी खोड. नातवाने इंटरनेटवरून बरंच काही छापून आणून दिलं आणि मी शब्दकोश घेऊन बसले.

गोष्ट सुरू होते लंडनमध्ये, १८८२ साली. युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलचे डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या पाण्यावर धडधडतं ठेवण्याचे प्रयोग करत होते. ते चांगलं चाललं, तसं त्यांनी छापलंही. नंतर कळलं की ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याचं नव्हतंच, साध्या नळाच्या पाण्याचं होतं. शुद्ध पाणी वापरून पाहिलं, तर हृदयाचे ठोके क्षीण होत बंद पडू लागले. म्हणजे जीव नळाच्या पाण्यात होता! हे पाणी न्यू रिव्हर नावाच्या, १६१३ साली खोदून पूर्ण झालेल्या कालव्यातून लंडनला येई. त्याचे झरे खडूच्या टेकड्यांतून पाझरणारे, म्हणून त्यात चुना. त्या चुन्यातल्या कॅल्शियमवर बेडकाचं हृदय चालत होतं. रिंगर यांनी १८८३ साली आधीच्या लेखातली चूक सांगणारा नवा लेख त्याच नियतकालिकात छापला. आज आपण रिंगर लॅक्टेट म्हणून जी सलाईनची बाटली पाहतो, तिच्यातलं नाव यांचंच.

दुसरा धागा शस्त्रक्रियेचा. त्याच सुमारास युरोपात गलगंडासाठी थायरॉइड ग्रंथी काढून टाकू लागले होते. त्यानंतर काही रोग्यांच्या हातापायांना भयंकर पेटके येत, काही दगावत. कारण कळेना. थायरॉइडला चिकटून धान्याच्या दाण्याएवढ्या आणखी ग्रंथी असतात आणि सुरीखाली त्याही जातात, हे लक्षात यायला वेळ लागला. गंमत अशी की रिचर्ड ओवेन यांना ती ग्रंथी १८५० च्या आसपासच दिसली होती, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या आपल्याकडच्या एकशिंगी गेंड्यात. माणसातल्या या ग्रंथींचं नीट वर्णन १८८० मध्ये स्वीडनच्या ईवार सांडस्ट्रोम यांनी केलं. त्यांना आता पॅराथायरॉइड म्हणतात. मग १९०९ साली अमेरिकेत बाल्टिमोरला मॅकॅलम आणि फोग्टलिन यांनी दाखवलं की या ग्रंथी काढलेल्या कुत्र्यांच्या रक्तात कॅल्शियम घटतं, आणि ते शिरेतून दिलं की पेटके थांबतात.

इथपर्यंत वाचल्यावर मला माझंच खरं वाटलं. कमी पडलं, दिलं, थांबलं. मग माझ्या आक्काला का नाही?

उत्तर पुढच्या पानावर होतं. १९३४ साली शिकागोच्या मॅक्लीन आणि हेस्टिंग्ज यांनी पुन्हा बेडकाचं हृदयच घेतलं, पण आता मोजपट्टी म्हणून. द्रवात जेवढं मोकळं कॅल्शियम तेवढा ठोका जोरदार. त्यातून दिसलं की रक्तातलं सगळंच कॅल्शियम कामाचं नसतं. साधारण निम्मं मोकळं असतं, तेच हृदय आणि स्नायू चालवतं. उरलेलं बहुतेक प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेलं असतं. आजारी माणसाचं अल्ब्युमिन घटतं, तसा एकूण आकडा खाली येतो. मोकळं कॅल्शियम मात्र तेव्हाही जवळपास ठीक असू शकतं. शंभरातले साठ पायी आणि चाळीस बैलगाडीत असे वारकरी असतील आणि गाड्या निम्म्या झाल्या, तर मोजदाद कमी भरते, पण पायी चालणारे तेवढेच असतात.

पण दवाखान्यात रोज बेडूक कुठून आणणार? कॅल्शियम ओळखणारा इलेक्ट्रोड १९६७ साली आला, मग यंत्रं सुधारली आणि थेंबभर रक्तातून मोकळं कॅल्शियम मोजता येऊ लागलं. तेव्हा, १९८० नंतरच्या दशकात, कळलं की अतिदक्षता विभागातल्या पुष्कळ रोग्यांचं मोकळं कॅल्शियमही खरोखरच कमी असतं. जंतुसंसर्ग, निकामी मूत्रपिंड, स्वादुपिंडाची सूज, मॅग्नेशियम किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता, अशी कारणं अनेक. रक्त भरपूर चढवलं तरीही ते घटतं, कारण बाटलीतलं रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं. जितका रोगी अत्यवस्थ तितका आकडा खाली.

मग देऊन टाकावं ना? देऊन पाहिलं. जंतुसंसर्ग झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत कॅल्शियम दिलेले उंदीर जास्त मेले. माणसांवरचे अभ्यास एकत्र करून २००८ साली कॉक्रेनचा आढावा निघाला. शिरेतून कॅल्शियम दिल्याने अत्यवस्थ रोग्याचं भलं होतं याचा स्पष्ट पुरावा त्यांना मिळाला नाही. पेटके, झटके, हृदयाची बिघडलेली लय, मोठ्या रक्तस्रावानंतर भराभर चढवलेलं रक्त, अशा वेळी ते द्यावंच लागतं. पण नुसता आकडा खाली आहे म्हणून नाही. बाण आजाराची खोली सांगत असतो, आणि बाण वर वळवला म्हणून आजार वर येत नाही.

त्या संध्याकाळी मी आक्काचे कागद परत काढले. अल्ब्युमिन २.० होतं, हवं त्याच्या जेमतेम अर्धं. मोकळं कॅल्शियम दुसऱ्याच पानावर होतं आणि खरंच थोडंसंच कमी. ते पान तेव्हाही माझ्या हातात आलं होतं. मी वाचलं नव्हतं. मुलांना मी सांगत असे, बाळांनो, उत्तर लिहिण्याआधी प्रश्न पुरता वाचा.

आक्का तिच्या आजाराने गेली. कॅल्शियमने ती वाचली असती असं म्हणायला मला काही आधार नव्हता. रिंगर मोठा माणूस, त्याने आपली चूक छापून मागे घेतली. माझं नियतकालिक म्हणजे हा ब्लॉग. तेराव्याला बोललेलं ते वाक्य मी मागे घेते.

भाच्याला काल फोन केला होता. सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मावशी, रविवारी जेवायला ये."

जाईन म्हणते.