ऑनलाइन लेखनासाठी विषय कसे शोधावेत आणि कसे टिपून ठेवावेत?

"काय लिहावं तेच सुचत नाही," ही सोशल मीडियावर लिहिणाऱ्यांची नेहमीची तक्रार. खरं तर विषय अनेकदा सुचलेला असतो, पण टिपलेला नसतो. बारामती तालुक्यातल्या माळेगाव बुद्रुकचं उदाहरण घेऊन हे समजून घेऊ.

विषय नको, प्रश्न शोधा

माळेगाव हा नीरा डाव्या कालव्याचा आणि सहकारी साखर कारखान्याचा परिसर. इथे 'ऊस' हा विषय कुणालाही सुचेल, पण एका पोस्टसाठी तो फार मोठा आहे. चहाच्या टपरीवर लोक विचारतात ते प्रश्न मात्र नेमके असतात:

• खोडवा ठेवताना पाचट जाळायचं की सरीत कुजवायचं?
• साखर उतारा बदलला की उसाचा दर का बदलतो?
• ऊस गेल्यावर किती दिवसांत पैसे मिळायला हवेत?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज देणं बंधनकारक आहे. ज्याच्या सोसायटीचा हप्ता तोंडावर आलाय, त्याला ही माहिती लगेच उपयोगी पडते. एकच प्रश्न दोन-तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकला, तर तो लिहिण्याजोगा आहे असं समजा.

टिपण कसं असावं?

नुसतं 'पाचट' असं लिहून ठेवलं, तर महिन्याभराने त्याचा अर्थ लागत नाही. प्रत्येक टिपणात चार गोष्टी हव्यात: बोलणाऱ्याचे मूळ शब्द, कोण बोललं, कुठे आणि केव्हा. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज किंवा व्हॉइस नोट पाठवली तरी पुरे. आवाज रेकॉर्ड करण्याआधी मात्र समोरच्याची परवानगी घ्या.

याचं मोठं उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गावही नोंदवलं. घरोघरची जाती थांबली, तरी 'पारी' या संकेतस्थळावर त्या ओव्या आज तिच्या नावानिशी वाचता येतात.

आठवड्यातून एकदा चाळणी

रविवारी अर्धा तास काढून टिपणं तीन गटांत लावा:

१. लगेच लिहिता येईल
२. आधी विचारावं लागेल
३. सोडून द्यावं

शेतीचा प्रश्न असेल तर बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात खात्री करता येते. फॉरवर्ड होऊन आलेला मजकूर कायम दुसऱ्या गटातच ठेवा. चुकीच्या सल्ल्याने एखाद्याचा हंगाम वाया जाऊ शकतो.